साठ टक्के जावई

जावयानं फोनवर "प्रॉबेबली" म्हटलं आणि पंडितरावांनी त्याच दमात गावाकडं फोन लावून सगळ्या भावकीला चूलबंद आवतण देऊन टाकलं. ह्यात त्यांचं काय चुकलं, हे त्यांना आजपर्यंत कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. पटवायला कुणी आलंच तर ते त्याला बसू देत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

यंदा अधिक महिना भर उन्हाळ्यात आला. आपल्याकडं ह्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांतून एकदा येतो, आणि आला की लेक-जावयाला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढायचे आणि निघताना जावयाच्या हातात तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. जावई कसा का असेना. एरवी सासऱ्याशी बोलत नसला तरी ह्या महिन्यात येतो आणि जेवतो. धोंड्याच्या आवतणाला तोंडावर "न्हाई" म्हणणारा जावई अख्ख्या बीड जिल्ह्यात जन्माला यायचाय, असं पंडितरावांचं ठाम मत होतं. जावई "न्हाई" म्हणत नसतो, म्हणजे तो जे काही म्हणेल ते "हो"च असणार. त्यात युवराज तर दोनदा म्हणाले होते, "प्रॉबेबली येतो पप्पा, प्रॉबेबली." एकदाच म्हणाले असते तर पंडितराव जरा थांबलेही असते.

इंग्रजी पंडितरावांना येत नव्हतं असं कुणी समजू नये. उभा जन्म त्यांनी एसटीत कंट्रोलर म्हणून, माईकवरून गाड्या पुकारण्यात काढला. रिझर्व्हेशन, ब्रेकडाऊन, कॅन्सल, ओव्हरटाइम, स्पेअर ड्रायव्हर, हे सगळं इंग्रजी त्यांच्या तोंडात खेळत होतं. पण ह्या शब्दांचं कसं असतं, गाडी ब्रेकडाऊन झाली की झाली, ती समोर उभी दिसते. "प्रॉबेबली" नावाची गाडी त्यांच्या फलाटाला कधी लागलीच नव्हती. आणि इतकी वर्षं माईकवर बोलून त्यांना एक सवय जडली होती, फोन कायम स्पीकरवर ठेवायची. त्यामुळं जावयाचं ते "प्रॉबेबली" बायकोनं, म्हणजे सत्यभामाबाईंनी, ऐकलं, आणि भिंतीपलीकडच्या बबनरावांनीही ऐकलं.

खरं सांगायचं तर पंडितरावांना जावयाचं एवढं काही नव्हतं. त्यांना लेक पाहिजे होती. वर्षाराणी पुण्याला दिली तेव्हापासून तिचं येणं जावयाच्या सवडीवर, आणि जावयाला सवड नाही. युवराज माणूस म्हणून लाखात एक, कधी आवाज चढवून बोलायचे नाहीत, सुपारीचं खांडही तोंडात नाही. फक्त त्यांना सवड नव्हती. दोन दिवाळ्या तशाच गेल्या. मागच्या धोंड्याला, लग्नानंतरच्या पहिल्याच धोंड्याला, ऐन सकाळी त्यांची मीटिंग निघाली होती आणि केलेले धोंडे सत्यभामाबाईंनी गल्लीत वाटले होते. लेकीला बघायचं तर जावयाला बोलवायचं, आणि जावयाला बोलवायचं तर धोंड्यासारखं दुसरं निमित्त नाही, असा हा सगळा हिशेब होता.

त्या मीटिंगनं गावात पंडितरावांची लाज काढली होती. ते स्वतः बीडला राहत होते, पण गाव त्यांचं लिंबागणेशच्या पुढं आडबाजूला. तिथं नंतर कुणाची म्हैस दूध देईना झाली तरी "मीटिंगला गेली" म्हणायचे. भावकीतले थोरले म्हणजे चुलतभाऊ सिदूतात्या. जावई येतोय हे सांगायला पंडितरावांनी त्यांनाच फोन लावला, तर तात्या म्हणाले, तुझा जावई हाय तरी का बे खरंच, का फोटोच हाय नुसता? एवढं ऐकल्यावर कुणाची तिडीक मस्तकात जाणार नाही? तिथंच पंडितरावांच्या तोंडून चूलबंद आवतण निघून गेलं.

चूलबंद आवतण म्हणजे घरटी एकानं येऊन जेवून जावं असलं लेचंपेचं आवतण नव्हे. त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. म्हातारंकोतारं, तान्हं, आलागेला पाव्हणा, सगळ्यांनी आमच्याकडं जेवायचं. आता गावात घरोघरी गॅस आहे, पण आवतण अजून चुलीचंच आहे. आणि ते एकदा दिलं की परत घेता येत नाही. सत्यभामाबाईंनी ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. चार माणसांचं जेवण होतं, एका फोनवर त्याचं लग्नघर झालं. 

दुसऱ्या दिवशी मांडववाल्याला सांगून परत येताना बबनरावांनी फाटकातच गाठलं. बबनराव पाटबंधाऱ्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांना आधी विचारावं लागत नाही. भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं तरी त्यांनी विचारलं, जावईबापू नक्की काय म्हणाले? पंडितराव म्हणाले, प्रॉबेबली म्हणाले. त्यावर बबनराव "हं" म्हणाले. साधं "हं" नव्हतं ते. डॉक्टर रिपोर्ट वाचताना करतो तसलं "हं" होतं. पंडितराव आत गेले, पाणी प्याले, आणि ते "हं" डोक्यातून जाईना म्हणून बबनरावांच्या अंगणात गेले.

आता अर्थ विचारायचा कसा? ज्या माणसानं डेपोतली इंग्रजी परिपत्रकं कंडक्टर लोकांना वाचून दाखवली, त्यानं ह्या वयात शेजाऱ्याला शब्दाचा अर्थ विचारायचा? त्यांनी आडून विचारलं. म्हणाले, तसा मला अर्थ माहीतच हाय, पर तुमच्या हापिसात कसं वापरायचे? बबनरावांना तेवढंच पाहिजे होतं. त्यांनी खुर्ची मागवली आणि खुलासा केला, की "हो" हे आपल्यासारख्यांनी म्हणायचं. मोठे साहेब लोक कधी "हो" म्हणत नाहीत, ते "प्रॉबेबली" म्हणतात. हा "हो"च्या वरच्या पायरीचा शब्द आहे. आमचे एक कार्यकारी अभियंता होते, ते तर मुलीच्या लग्नातसुद्धा प्रॉबेबली म्हणाले होते.

पंडितरावांचा जीव भांड्यात पडतच होता, तेवढ्यात आतून बबनरावांची सून मनिषा चहा घेऊन आली. मनिषा बँकेत होती आणि फालतू बोलायची नाही. ती सासऱ्यांना म्हणाली, मामा, तसं नसतं. त्याचा अर्थ बहुतेक. होऊ पण शकतं, नाही पण होऊ शकत. बबनराव म्हणाले, मग किती टक्के? मनिषा म्हणाली, असं टक्क्यात कसं सांगू, समजा साठ. बबनराव म्हणाले, साठ कमी होतात, पंच्याऐंशी धरा, मोठा माणूस आहे. सासऱ्या-सुनेची घासाघीस चालू राहिली आणि पंडितराव कपातला चहा तसाच ठेवून उठले. फाटकातून जाताना ते एका जावयाचे सासरे होते. येताना त्यांना साठच टक्के जावई उरला होता.

घरी येऊन त्यांनी फोनमध्ये बघितलं. फोननं मराठीत सांगितलं, "बहुधा." हा शब्द मात्र पंडितरावांच्या ओळखीचा होता. फलाटावर शंभर माणूस उभं असताना त्यांनी माईकवरून एकदा जरी "धारूर गाडी बहुधा येईल" असं म्हटलं असतं, तर लोकांनी खिडकी फोडली असती. त्यांनी हे सत्यभामाबाईंना तावातावानं सांगितलं, की आमी कधी असलं लोकांना टांगून ठिवलं न्हाई. बाई अनारशाचं पीठ मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी कुठं बहुधा म्हणत होता? तुमी म्हणायचा, गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागेल. मी माहेरी जायला तीन-तीन तास बसलेली हाय त्या थोड्याच वेळात."



मात्र माणूस हटणारा नव्हता. अर्थ कळला, आता वापर समजून घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. नाक्यावर सोमनाथ सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता, खाली पिठाची गिरणी आणि वर क्लास. पंडितराव जाऊन थेट म्हणाले, मला एकच शब्द शिकायचाय. सर म्हणाले, एका शब्दाची बॅच नसते, बसावं लागेल. तर बसले. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दांडग्या पोरांच्या मधे, पांढऱ्या सदऱ्यात, गिरणीच्या धडधडीत. सर प्रत्येकाला उभं करून वाक्य करायला लावायचे. एक पोरगं म्हणालं, मी प्रॉबेबली पोलीस होईन. सर म्हणाले, तसं म्हणू नको, इंटरव्ह्यूत उडवतेत. मग पंडितरावांची पाळी आली. ते उठले, खाकरले, आणि माईकवर बोलल्यासारखे म्हणाले, "माझा जावई प्रॉबेबली येणार हाय, पर मांडव घातलाय, आचारी सांगितलाय आणि भावकीला चूलबंद आवतण हाय. आता ह्याच्यात प्रॉबेबली कुठं बसवायचं, तेवढं सांगा." पोरं हसली. सर हसले नाहीत. सर म्हणाले, काका, वाक्य बरोबर आहे. ह्याचा खरा वापर सांगू का? ज्याला न्हाई म्हणायचं धाडस नसतं, तो हे म्हणतो. मग त्यांनी फळा पुसला आणि पुढचा शब्द घेतला.

तिथून पंडितरावांना हा शब्द सगळीकडं दिसायला लागला. मांडववाला "बघू" म्हणाला, त्यांना प्रॉबेबली ऐकू आलं. आचारी "येतो की" म्हणाला, त्यातल्या "की"मध्ये त्यांना प्रॉबेबली दिसलं. रिक्षावाल्यानं मान तिरकी हलवली, तरी त्यांना तेच. माणसाच्या जातीवरचा विश्वास उडायला एक इंग्रजी शब्द पुरतो, हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं.

अशा मनःस्थितीत ते टँकरच्या कचेरीत गेले. कॉलनीला नळाचं पाणी आठवड्यातून कधीतरी, उन्हाळ्यात तेही नाही. भावकी जेवणार म्हणजे पाणी लागणार. तिथं अर्जावर वॉर्ड मेंबरची सही आणायला सांगितली. मेंबर दर्शनाला नारायणगडाला गेलते, ते आल्यावर सही झाली, मग कळलं की सही अर्जाच्या मागच्या बाजूला लागते. ती पण झाली. शेवटी टेबलावरच्या माणसानं शिक्का मारला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि पान चघळत म्हणाला, "प्रॉबेबली सकाळी येईल टँकर."

संपलं. पंडितरावांनी टेबलावर हात आपटला. म्हणाले, "प्रॉबेबली मला सांगायचं न्हाई. मला त्याचा अर्थ येतो आन वापर बी येतो. हो म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा."

त्या माणसानं त्यांच्याकडं शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "मग न्हाई."

पंडितराव ताठ मानेनं बाहेर आले. तत्त्व जिंकलं होतं, फक्त पाणी गेलं होतं. घरी सत्यभामाबाईंनी जे काय म्हणायचं ते म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी सिदूतात्यांनाच फोन करून, येताना टेम्पोत विहिरीच्या पाण्याचे ड्रम घेऊन या, असं सांगावं लागलं. म्हणजे पाव्हण्यांनी जेवायला यायचं आणि पाणी बी त्यांनीच आणायचं. तात्या एवढंच म्हणाले, जावई आमी आणायचा का तुमी आणताय?

पण त्या "मग न्हाई"नं पंडितरावांच्या मनात एक भलतीच भीती घालून ठेवली. सत्यभामाबाई रोज म्हणत होत्या, आवो, लावा की जावयाला फोन, हो का न्हाई एकदाचं विचारून घ्या. आणि पंडितराव फोन हातात घ्यायचे, आणि खाली ठेवायचे. टेबलावरच्या माणसाला विचारणं सोपं होतं. जावयाला तसं विचारलं आणि त्यांनीही शांतपणे "मग न्हाई" म्हटलं तर? टँकर गेला तर ड्रम आणता येतात. लेक कुठून आणायची? प्रॉबेबली होतं तोवर निदान साठ टक्के तरी वर्षाराणी येणार होती. डेपोत माणसांना दटावून रांगेत उभं करणारा हा माणूस, आपल्याच लेकीबद्दल एक साधा सवाल विचारायला कचरत होता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अनारसे तळायला घेतले. पहिला घाणा तुपात सोडला आणि अनारसे हसले. हसले म्हणजे विरघळून जाळीजाळी होऊन तुपात पसरले. बायका त्याला हसणंच म्हणतात. पिठात केळं कुस्करून घातलं, खसखस बदलली, विस्तव कमी केला, तरी अनारसे हसतच होते. मदतीला आलेली मनिषा म्हणाली, राहू द्या काकू, बत्तासे देऊ वाणात. कढईशेजारी पाटावर बसलेले पंडितराव म्हणाले, तळा तसेच. सगळं गाव हसायलंय, अनारशांनी तरी का मागं रहावं?

तो दिवस उजाडला. दारात मांडव, लिंबाखाली जावयाच्या गाडीसाठी जागा साफ करून, पाणी शिंपडून, दोन विटा लावून अडवून ठेवलेली. टेम्पो आला. त्यातून भावकी उतरली, ड्रम उतरले, आणि सगळ्यांच्या मागून सिदूतात्या उतरले, फेटा बांधून. कुणाच्याच घरी सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं, आवतणच तसं होतं. तात्यांनी विटांनी अडवलेली मोकळी जागा बघितली, पंडितरावांकडं बघितलं, आणि खुर्चीवर बसले. त्यांच्या त्या बघण्यात "मीटिंग" स्पष्ट दिसत होती.

तेवढ्यात वर्षाराणीचा फोन आला. आण्णा, मी बसमध्ये आहे, मांजरसुंबा सोडलं. फोन स्पीकरवरच होता. बसमध्ये म्हटल्यावर मांडवात चुळबुळ झाली, कारण जावयाला तर मोठी गाडी होती.  पंडितरावांनी चपला घातल्या आणि ते स्टँडवर गेले.

बस फलाटाला लागली. हजारो बसची दारं उघडताना त्यांनी बघितली होती, पण कुठल्या दाराकडं असं बघितलं नव्हतं. वर्षाराणी उतरली. वाळलेली वाटली. तिच्या मागं त्यांनी बघितलं, तर कांद्याचं पोतं उतरलं, आणि पोत्यामागून त्याची मालकीण. मग कंडक्टर उतरला आणि दार लागलं.

रिक्षात ती आपणहून बोलली. काल झोपेपर्यंत ते प्रॉबेबली म्हणत होते, म्हणाली. आज पहाटे मला म्हणाले, प्रॉबेबली पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यापर्यंत धोंड्याचा महिना संपलेला असतो, हे त्यांना माहीत होतं का नव्हतं, कुणास ठाऊक. "आण्णा, भांडण न्हाई झालं काही. त्यांच्याशी भांडण होतच न्हाई. दोन वर्षं झाली, बी.एड. करू का विचारते. ते न्हाई कधी म्हणले न्हाईत. हो बी म्हणले न्हाईत. आज उठले, बॅग भरली आणि स्टँडवर आले."  पंडितरावांना एवढे दिवस छळणारा तो शब्द आपली लेक दोन वर्षं उशाशी घेऊन झोपत होती, हे त्यांना त्या रिक्षात समजलं. सोमनाथ सरांनी सांगितला नव्हता असा हा वापर होता. त्यांना रडू आलं असतं, पण त्याच्याआधी राग आला, आणि त्यांनी रागालाच येऊ दिलं.

मांडवात सगळे उठून उभे राहिले. सिदूतात्यांनी रिक्षात वाकून बघितलं, आत दुसरं कुणी नव्हतं. तात्या म्हणाले, जावई कुठं हाय? पंडितराव म्हणाले, पुण्यात हाय. मग मांडवात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कुणी म्हणालं, कार्यक्रम पुढं ढकला. कुणी म्हणालं, जावयाला व्हिडिओ कॉल लावून फोन पाटावर ठिवा. बबनराव म्हणाले, पंच्याऐंशी टक्के धरले होते, पंधरा टक्क्यात गेलं. शेवटी तात्यांनी हात वर केला आणि रीतीतला तोडगा सांगितला. पूजेला नवरा-बायकोतलं एक नसलं की त्याच्या नावानं सुपारी मांडतेत. तशी जावयाच्या नावानं पाटावर सुपारी मांडायची, तिच्यावर पाणी घालायचं, ताट तिच्यापुढं ठिवायचं. लेकीनं बाजूला बसावं. रीत राहती आन तोंड बी राहतं.

सगळ्यांना पटलं. सत्यभामाबाईंनी आतून सुपारी आणली सुद्धा. पाट मांडला, रांगोळी होतीच, आणि त्या मोठ्या पाटाच्या मधोमध ती सुपारी ठेवली. पंडितराव तांब्या घेऊन वाकले. समोर सुपारी होती. बाजूला, जमिनीवर, वर्षाराणी बसली होती, पहाटे निघालेली, बसच्या धुळीनं पाय भरलेले. पंडितरावांनी सुपारीकडं बघितलं, लेकीच्या पायांकडं बघितलं, आणि सरळ उभे राहिले.

"तात्या, सुपारीला पाय असतेत का?"

तात्या म्हणाले, रीत हाय ती.

"असल. आमच्या घरी जी आली ती पाटावर बसंल. जी आली न्हाई ती सुपारी, ती फोडून जेवणानंतर खाऊ." आणि त्यांनी सुपारी उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली. "वर्षे, ऊठ. बस पाटावर."

वर्षाराणी नको नको म्हणत होती, पाय आखडून घेत होती. सत्यभामाबाईंनी, ज्या ह्या सगळ्या प्रकरणात नवऱ्याच्या बाजूनं एकदाही बोलल्या नव्हत्या, लेकीला दंडाला धरून उठवलं आणि पाटावर बसवलं. पंडितरावांनी तिचे पाय धुतले, धूळ जाईस्तोवर धुतले. जावयाचं चांदीची वाटी ठेवलेलं ताट तिच्यापुढं सरकवलं आणि धोंड्यावर तुपाची धार धरली.

सिदूतात्या फेटा सावरत उठले. म्हणाले, ही रीत न्हाई, लेकीला जावयाचा मान देणाऱ्याच्या घरी आमी जेवत नसतो, चला रे. भावकी हलेना. का हलंना कुणी, म्हणून तात्यांनी मागं वळून बघितलं, तर टेम्पोचा ड्रायव्हर पहिल्या पंगतीत बसून दुसरा धोंडा मागत होता. आणि तात्यांच्या घरून आलेल्या त्यांच्या मंडळी खालच्या आवाजात म्हणाल्या, कुठं चलता? घरी चूल बंद हाय. तात्या जिथून उठले होते तिथंच परत बसले. त्यांनी चार धोंडे खाल्ले, आणि हसलेले अनारसे तर मागून घेतले, म्हणाले, कुरकुरीत झालेत.

पंगत रंगात आली आणि पंडितरावांचा फोन वाजला. युवराज होते. फोन स्पीकरवर, सगळ्या मांडवाचे कान तिकडं.

"सॉरी पप्पा, खरंच खूप इच्छा होती. पुढच्या धोंड्याला प्रॉबेबली नाही, अगदी डेफिनेटली येतो."

पंडितरावांनी फोन तोंडाजवळ धरला, अगदी माईक धरायचे तसा. "पुढचा धोंडा तीन वर्षांनी हाय, जावईबापू. लई लांब हाय. तवा तुमाला आवतण देऊ." मग शब्द नीट, सोमनाथ सरांनी शिकवला तसा, पोटातून काढला. "प्रॉबेबली."

आणि जावयाच्या आधी त्यांनी फोन ठेवला. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदा घडलं. सिदूतात्यांनी बबनरावांना विचारलं, ह्यो काय म्हणला? बबनराव ह्या खेपेला टक्के न सांगता ताटात वाकले.

पंडितराव पाटासमोर मांडी घालून बसले. लेकीचा घास हातातच राहिला होता. म्हणाले, "वर्षे, बी.एड. करायचं का? बघते म्हणायचं न्हाई, त्यांना विचारते म्हणायचं न्हाई. हो म्हण, न्हाईतर न्हाई म्हण."

एवढं म्हटलं आणि त्यांना टँकरच्या कचेरीतलं ते "मग न्हाई" आठवलं. वर्षाराणीनं आईकडं बघितलं, तात्यांकडं बघितलं, आणि अख्खा धोंडा तोंडात घातला. तो चावून होईपर्यंत सगळा मांडव तिच्या तोंडाकडं बघत होता.

"हो," ती म्हणाली, आणि दुसऱ्या धोंड्यावर तूप मागितलं.